वऱ्हाडाले नुसती बत्ती

भागवतच्या पापाचे पुरावे पत्र्याच्या पेटीत सुखानं पडून होते. ते उजेडात आणायचं काम त्याच्या सुनेनं अंगावर घेतलं.

कारंजा गावाच्या कडेला मेथी-वांगी पिकवणारा हा माणूस तरुणपणी कॅमेरा बाळगून होता. साऱ्या नात्यागोत्यात एकटाच, त्यामुळे लग्न कुणाचंही असो, नवरदेवाखालोखाल मान ह्याचा. तो मान डोक्यात गेला तो अजून उतरलेला नाही. मेथीची जुडीसुद्धा तो एक डोळा मिटून, लांबून न्याहाळून बांधतो.

सून रुचिका उद्योगी. तिनं पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब बसवला, वर आइस्क्रीमच्या डब्याचं दुधी झाकण, त्यावर निगेटिव्हची पट्टी आणि दोन डब्यांवर आडवा मोबाइल. फोटो काढायचा आणि मोबाइलातच काळ्याचं पांढरं करायचं. पट्टीवर सगळे सोयरे काळ्या तोंडाचे दिसत.

"मामाजी, हे तर वळखूच येत नाईत," ती सासऱ्याला म्हणाली.

"असेच होते," भागवत म्हणाला.

इथवर ठीक होतं. पण तिनं घरच्या ग्रुपवर टाकलं की गोमतीआत्याच्या लग्नाचे फोटो निघून राह्यले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भागवतच्या ह्या बहिणीचे मालक पंजाबराव शिरपूरहून हजर. साठी ओलांडली तरी जावई तो जावईच, दहावा ग्रह. पाण्याचा गिलास हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "भागवत, माह्या मायचा फोटो निघाला काय?"

 त्या लग्नात रोल होता एक आणि वऱ्हाड ट्रॅक्टरभर. त्याचा बाप रामराव पक्का कवडीचुंबक. त्यानं मांडवातच बजावलं होतं, "रोल आपल्या मानसाईवर. वऱ्हाडाले नुसती बत्ती मार." तेव्हा तशी रीतच होती. फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं की लख्ख उजेड पडे आणि आतल्या रोलला पत्ता नसे. वऱ्हाडी फेटे सावरून उभे राहिले, उजेड खाऊन खूश झाले. पंजाबरावांची आई हौसाबाई तर पदर नीट करून दोनदा उभी राहिली. पुढं ती वारली, आणि तिचा दुसरा फोटोच कुठं नव्हता. कुणी काढू म्हटलं की ती म्हणे, भागवतकडे हाय ना.

जावई दर भेटीत विचारत, आणि भागवत इतकी वर्षं सांगत आला, वऱ्हाडाचा रोल वेगळा, तो धुवायचा राहिलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि न धुतलेला रोल त्याहून महाग. ह्याची त्याला मनापासून लाज वाटे, फक्त ती तोंडापर्यंत पोचत नसे.

रुचिका पट्टी सरकवू लागली. पंजाबराव चष्मा पुसून पुसून वाकत होते. काका निघाले, मामा निघाले, मांडवातलं कुत्रं दोन फोटोंत निघालं. नवरदेव सोडला तर वऱ्हाडातलं माणूस एक नाही. दर फोटोला जावई विचारी, "हे माय काय?" आणि दर वेळी ती दुसरीच कुणाची तरी माय असे.

शेवटी भागवतला राहवेना. "भाऊजी, नका पाहू. बानं सांगतलं होतं. तुमच्या इकडच्या मानसाईवर मी नुसती बत्ती मारली. मायचा फोटो काढलाच नाई मी."

 तेवढ्यात रुचिका म्हणाली, "मामाजी, हा कोनाचा?"

कोठीच्या दारात, लाडवांच्या टोपल्यांपुढं रामराव पहारा देत उभा होता, डोळे मिटलेले. म्हणूनच हा फोटो कधी कागदावर आला नव्हता. आणि त्याच्या पाठीमागं हौसाबाई टोपलीवर वाकली होती. पदराच्या ओट्यात लाडू, हातात लाडू, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे, बिनघोर.

"माय," म्हणत पंजाबरावांनी मोबाइलवर बोट ठेवलं. मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मले माहीत होतं रे. वापस जातानीच तिनं सांगतलं, तुहा साळा नुसती बत्ती मारून राह्यला. फोटोच निघत नाई, त भ्याचं कायले, मने. रस्ताभर लाडू खाल्ले आमी. मंग कोनी फोटो काढतो मनलं, त तुही मजा कराले सांगे, भागवतकडे हाय ना."

"मंग इतके वर्स काहून इचारत होते?"

"तुहं तोंड पाह्याले मजा ये." पंजाबरावांनी चष्मा काढला. "अन् वाटे, एखांदा चुकून निघाला असन."

 भागवत कामाचं बोलला. "मोठा करून देतो, भाऊजी. लाडू कापतो, चेहरा तेवढा ठेवतो."

"लाडवाले हात लावू नको," जावई म्हणाले. "कापाचंच असन त तुह्या बापाले काप."

रुचिकानं सासऱ्याकडे पाहिलं. भागवतनं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, आणि बापाला कापलं.