शंखाची पेटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राजेहो. आईच्या भीतीपायी मी जो मूर्खपणा केला, तसा अख्ख्या चिखली तालुक्यात कोणी केला नसेल!

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी शाळेत मास्तर आणि भजनी मंडळात पेटीवाला. बुलडाण्याला एका जुन्या साहेबी बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात एक पियानो होता. कोणी घेईना. मी घेतला! सरकीच्या ट्रकवर चढवून, सहा हमाल लावून घरी आणला. आत उंदरांची घरटी, तारा गंजलेल्या, अर्ध्या पट्ट्या एकदा दाबल्या की वर येतच नव्हत्या. म्हटलं, पेटीचीच मोठी बहीण आहे, करू दुरुस्त.

देऊळघाटहून करीमचाचांना बोलावलं. पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी एक पांढरी पट्टी पुसली, उजेडात धरली आणि म्हणाले, "मास्टर, ये तो असली हाथी का दाँत है!"

मी झटकन दाराकडे पाहिलं. काऊन म्हणता? अहो, माझी आई माळकरी. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरायची. मागे शेजारणीनं सांगितलं, की माझ्या कोटाची बटणं हाडाची आहेत. झालं! आई दोन दिवस अन्नाला शिवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाठोडं उचलून माझ्या थोरल्या भावाकडे मेहकरला निघून गेली. तीन खेपा घातल्या मी. शेवटी पाय धरले, तेव्हा म्हणाली, "येतो. पन पुन्हा घरात हाड आलं, तर मी गेली म्हून समज. मंग घ्याले येऊ नको."

आई बोलली म्हणजे बोलली. आणि दात म्हणजे हाडच की हो!

"चाचा, कोणाले सांगू नका," मी हळूच म्हटलं. चाचा हसले. आतल्या हातोड्यांना लोकरीचा नवा नमदा लागेल, महिन्याभरात घेऊन येतो म्हणाले आणि गेले.

त्याच संध्याकाळी आई पियानोपाशी उभी!

"काय रे, हे पांढरं कायचं हाय?"

तोंडाला आलं ते बोलून गेलो. "शंखाचं, आई."

"एवढा मोठा शंख?"

"समुद्रात असतेत ना... मोठाले."

सुटलो म्हणता? मेलो! दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो, तर पियानोवर तुळस वाहिलेली आणि आई पळीपळीनं पट्ट्यांवर दूध घालून राहिलेली.

"आई, हे काय करून राह्यली?"

"शंख देवाच्या हातातला. पूजा नको? मास्तर कोन हाय, मी का तू?"

बायको मला आत ओढून म्हणाली, "खरं सांगून टाका ना!"

"तू सांग."

"मी कायले सांगू? खोटं तुम्ही बोलले."

एकादशीला गल्लीतल्या बायाही आल्या. "माय वं, केवढा हा शंख!" प्रत्येकीची दुधाची वाटी वेगळी! पट्ट्या फुगल्या. आत दही लागलं. मुंग्यांची रांग थेट चुलीपर्यंत. पण मला वासाचं दुःख नव्हतं हो, मला भीती होती की कोणी शिकलेला माणूस घरात शिरून खरं बोलेल. आमचे विज्ञानाचे मास्तर चहाला आले, तर मी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं, घरात दूध नाही म्हणून. आणि आत पियानोवर शेरभर दूध!

महिना झाला आणि चाचा आले. मी अडवायच्या आत त्यांनी झाकण उघडलं आणि नाक धरून मागे सरले.

"या अल्ला! मास्टर, हाथीदाँत पे दूध किसने डाला?"

आई दारातच उभी. हातात पळी.

मी खांब धरला. आता गाठोडं बांधणार, आता मेहकरची गाडी, आणि ही म्हातारी पुन्हा काही आपल्या दारात दिसत नाही. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"कायचा दात म्हनता, चाचा?"

"हत्तीचा, माय."

आईनं पळी खाली ठेवली आणि पियानोला हात जोडले. "हत्तीचा? म्हंजे आपल्या गनपतीचा! अन् हा मले शंख सांगून राह्यला?"

"मले वाटलं, दात म्हंजे हाडच... तू निघून जाशीन..."

"ते बटनं ढोराच्या हाडाचे होते बे! गनपती अन् ढोर तुले सारखेच दिसतेत काय? महिनाभर देवाच्या नावानं खोटं बोलला!"

ती तरातरा आत गेली आणि गोमूत्राची वाटी घेऊन आली. पियानोवर शिंपडणार म्हणून मी घाईनं बाजूला झालो.

"तू कुठी चालला? उभा राय. त्याले काय झालं? इटाळ तुह्या तोंडाले झाला!"

आणि चाचांच्या देखत सगळी वाटी माझ्या डोक्यावर! पियानो तसाच घरात राहिला. आठ दिवस ओसरीवर जेवलो, तो मी.