रहोबोथ म्हणजे ऐसपैस

चारकोपला आम्ही राहायला गेलो तेव्हा सोसायटीला नाव नव्हतं, घरांना धड दारं नव्हती आणि पुढच्या रांगेतले लोक मागच्या रांगेतल्यांशी बोलत नव्हते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. सरकारी योजनेत छोटे प्लॉट मिळाले होते. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर बांधायचं, मधलं अंगण सगळ्यांचं. त्याआधी घाटकोपरला बाबांच्या चुलतभावासोबत आम्ही एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहायचो. त्यामुळे विटा-वाळूच्या ढिगांनी भरलेली, खाडीचा वारा येणारी ही जागा मला झकास वाटायची.

भांडण नळावरून झालं होतं. नव्या भिंतींवर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. नळ एकच, तोही पुढच्या रांगेसमोर. पुढच्यांनी आपल्या भिंती आधी भिजवायला सुरुवात केली, मागच्यांनी न विचारता पाइप जोडून घेतला, मग कुणीतरी नळाला कुलूप घातलं. पुढच्या रांगेकडून एक मालवणी काका भांडायचे. पूर्वी गिरणीत होते, आता मालाडला एका कंपनीत वॉचमन. मागच्या रांगेकडून बोलायचे ते एक सर, सोलापूरकडचे बौद्ध, शाळेत शिकवणारे. एरवी दोघंही भली माणसं. आमचं घर कोपऱ्यावर, त्यामुळे आमचं पाणी कुणी अडवायचं नाही, पण गाऱ्हाणी दोन्हीकडची ऐकावी लागायची. पुढे घरोघर नळ आले, तरी माणसं एकमेकांकडे बघेनात.

माझी आई हॉस्पिटलात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी ‘कर’. जेवण नारळाच्या रसातलं. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायची आणि शनिवार हा आमचा विश्रांतीचा वार, म्हणून त्या दिवशी शक्यतो ड्युटी घ्यायची नाही. कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, नाही विचारलं तर गप्प असायची.

सोसायटी नोंदवायची वेळ आली तेव्हा नाव ठरवायला रविवारी अंगणात सतरंजी पसरून सभा भरली. काकांनी आपल्या ग्रामदेवाचं, रवळनाथाचं नाव सुचवलं. सरांनी नालंदा सुचवलं. दोन्ही नावं चांगली होती, पण एका रांगेने मान डोलावली की समोरची रांग नकारार्थी मान हलवायची. आवाज चढले. नळाचा विषय निघाला. शेवटी काका वैतागून आईकडे वळले.

“सिस्टर, तुमीच काय ता सांगा. तुमी ह्येंच्यातले नाय नि आमच्यातलेय नाय.”

काकांच्या मनात काही नव्हतं, पण ते वाक्य मला टोचलं. मी तेव्हा अकरावीत होते. आई उठून उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती.

“रहोबोथ,” ती म्हणाली.

मग मागून कुणीतरी विचारलं, “हे काय गावाचं नाव आहे का?”

“विहिरीचं आहे,” आई म्हणाली, आणि तिने गोष्ट सांगितली. आमच्या धर्मग्रंथात इसहाक नावाचा एक पूर्वज आहे. तो परक्या मुलुखात गुरं घेऊन राहत होता. त्याच्या माणसांनी विहीर खोदली, पाणी लागलं, तिथले गुराखी येऊन म्हणाले, पाणी आमचं. त्या विहिरीचं नाव पडलं एसेक, म्हणजे भांडण. त्याने पुढे जाऊन दुसरी खोदली. तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सिटना, म्हणजे वैर. मग तो आणखी पुढे गेला आणि तिसरी खोदली.

“तिचं नाव रहोबोथ. म्हणजे मोकळी जागा, ऐसपैस. आता देवाने आपल्याला जागा करून दिली, असं तो म्हणाला.”

“म्हंजे तिसऱ्या बावडेर कोणच भांडाक इलो नाय?” काकांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“पण म्हणजे तो घाबरला ना?” पुढच्या रांगेतला एक तरुण म्हणाला. “दोनदा सोडून गेला.”

“घाबरला असता तर खोदायचा थांबला असता,” आई म्हणाली.

सर इतका वेळ चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, “सिस्टर, पहिल्या दोन विहिरींची नावं पुढे बदलली का?”

“नाही. ग्रंथात तशीच आहेत. भांडण झालं होतं, ते झालंच नाही असं कशाला म्हणायचं?”

सर हसले. आपल्या एका खोलीच्या घरांना ऐसपैस म्हणायचं म्हटल्यावर बाकीचेही हसले, आणि कितीतरी महिन्यांनी दोन्ही रांगा एकाच गोष्टीवर हसल्या. काकांनी पहिला हात वर केला, मग सरांनी. आई खाली बसली. तिचे कान लाल झाले होते. ती माझी आई आहे, हे त्या क्षणी साऱ्या चारकोपला ओरडून सांगावंसं वाटलं मला.

पेंटरने फाटकावर ‘रहोबोध’ लिहिलं. सरांना ते आवडलं, त्यात बोध आहे म्हणाले. आईने मात्र चहा पाजून त्याच्याकडून ‘थ’ करून घेतला. पोस्टमनने बरेच दिवस कुरकुर केली, नंतर तोही नीट म्हणायला शिकला.

त्या वर्षांत आमचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला जात होते. मावशी आधीच गेली होती. ती सुट्टीवर आली तेव्हा मुक्कामाला आमच्याकडे होती, आणि रोज आईच्या मागे लागायची. “तू कशाला इथे राहतेस गं? आपली सगळी माणसं तिकडे.” आई भाकऱ्या थापत राहायची.

एका संध्याकाळी मावशीने अंगणात बसलेल्या काकांना सहज विचारलं की हे नाव तुमच्या सोसायटीला कसं. काकांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि इसहाकाची सगळी गोष्ट मालवणीत सांगितली. त्यांच्या गोष्टीतले गुराखी शेजारच्या वाडीतले होते आणि इसहाक तंबाखू मळत विचार करायचा. विहिरींची तिन्ही हिब्रू नावं मात्र त्यांनी बिनचूक घेतली. मावशी हसता हसता रडायला लागली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपली तशी तिने पदर नीट केला आणि मावशीला म्हणाली, “चल, जेवायला वाढते.” मावशी जाईपर्यंत तिकडे जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.