वळणावर सटकणारी गाडी

अजिंठ्याला एकट्या राहणाऱ्या आईकडे कुणाची मनधरणी न करता जाता यावे, एवढ्याचसाठी मी पन्नाशी उलटल्यावर मोटार चालवायला शिकले. पिशोरला आल्याची शेती करणाऱ्या धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी आमच्या पुंडलिकनगरच्या दारात आणून लावली. सरळ रस्त्यावर ती शहाण्यासारखी चाले. वळणावर मात्र, विशेषतः मी एकटी असताना, तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सटके.

"तू वळण हिसक्याने घेतेस," यजमान म्हणत. मीही ते मानले. आयुष्यभर महाविद्यालयात शिकवूनही स्वतःविषयीची शंका मला लगेच पटते. पण घरची सगळी बसली की तीच गाडी, माझ्याच हातांत, निमूट वळे. हिसका माझा असेल तर तो माणसे बघून कसा बसतो? गाडी कुठे तरी आपटलेली आहे आणि ते आपल्यापासून लपवले आहे, या संशयाने मनात घर केले. काही ना काही निमित्त काढून मी आईकडे जाणे टाळू लागले.

दीर चहाला आले तेव्हा धीर करून विचारले, "भाऊजी, गाडीला मागे कधी काही झाले होते का?"

"छ्या! लई इचार करता वहिनी तुम्ही. आल्याच्या गोण्या टाकल्या की मागनं बसायची, म्हणून स्प्रिंगांत रबराचे ठोकळे घातलेत. आता तसूभर दबत नाय! दादाला सांगितलं व्हतं की."

वळताना गाडी बाहेर झुकते. मागचा भाग ताठ असला की त्या झुकण्याचा मोठा भार मागच्या बाहेरच्या चाकावर येतो, आतले हलके पडते, आणि मागच्या चाकांची पकड पुढच्यांच्या आधी सुटते. गोण्यांसाठी ताठ केलेली गाडी मी रिकामी चालवत होते; घरची सगळी बसली की त्यांच्या वजनाने मागची चाके रस्ता धरून ठेवत.

मी यजमानांकडे पाहिले. ते कपात पाहत होते.

"त्याने काय फरक पडतो, असे वाटले मला."

खरेही असेल. परंतु मधल्या काळात गाडीची किल्ली माझ्याऐवजी त्यांच्याच खिशात राहू लागली होती, हेही खरे.

ठोकळे काढून घेतले. आईकडे निघताना यजमान मागचे दार उघडून आत बसले.

"मागे वजन असलेले बरे."

"आता लागत नाही," मी म्हणाले, आणि ते उतरेपर्यंत गाडी सुरू केली नाही.