एक जूनच्या दोघी

"फ्रिजचे हप्ते का थकवलेत?" बँकेतल्या पूनम मॅडमनी विचारलं.

"फ्रिज? आमच्याकडं माठ हाय, मॅडम," सुंदरक्का म्हणाली.

मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. सुंदरम्मा शिवलिंगप्पा बिराजदार, जन्म एक जून, मूळ गाव मैंदर्गी. सगळं तिचंच. फक्त खाली लिहिलेलं फ्रिजचं कर्ज तिचं नव्हतं, आणि त्यानंच तिचा नव्या कर्जाचा अर्ज अडवला होता. सोलापुरात ती कडक भाकरी करून विकायची. चूल, भाकऱ्यांच्या चळती आणि दुपारी झोपणारा नवरा, सगळं एकाच खोलीत. बोरामणी नाक्यावर एक गाळा मिळत होता, त्यासाठीच कर्ज हवं होतं, पण मालक पाडव्यापर्यंतच थांबणार होता.

"क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो. कधी बघितला नाहीत?"

"मी कुणाचं बुडवलं न्हाय, मग कशाला बघू?"

मॅडमनी तिच्याच मोबाइलवरून तक्रार नोंदवून दिली. काही आठवड्यांनी उत्तर आलं: नाव आणि जन्मतारीख जुळते, माहिती बरोबर आहे.

"फ्रिज माहेरी धाडलास व्हय?" तिचा नवरा शिवलिंगप्पा हसत म्हणाला.

"व्हय. आता तुमालाबी त्यातच ठिवते."

भाकरी थापता थापता ती त्या तारखेचा विचार करत राहिली. एक जून ही तिची खरी जन्मतारीख नव्हतीच. जोंधळ्याची काढणी चालली होती, एवढंच आईला आठवायचं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकला होता, आणि तिच्या एकटीचाच नव्हे, जवळजवळ सगळ्या वर्गाचा. त्या वर्गात आणखी एक सुंदरम्मा होती. ती दुधनीला दिली, तीही बिराजदारांच्याच घरात, आणि तिच्या नवऱ्याचं नावही शिवलिंगप्पाच. लग्नात यावरून केवढी चेष्टा झाली होती! तिची तव्यावरची भाकरी करपली.

फ्रिजचं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अक्कलकोटच्या ऑफिसात ती जाऊन बसली, तेव्हा फाइल निघाली. त्यातल्या फोटोतली बसकी हनुवटी बघताच सुंदरक्कानं वर्गातल्या त्या मैत्रिणीला ओळखलं.

"पॅन नंबर घ्यायचा राहिला होता," तिथला माणूस ओशाळून म्हणाला. "नाव आणि तारखेवरनं तुमच्या खात्यावर गेलं. त्यांचं पॅन आणा, लगेच दुरुस्ती पाठवतो."

ती तशीच दुधनीला गेली.

"बा अक्का, कूड्रू," असं कानडीत म्हणत मैत्रिणीनं तिला बसवलं आणि फ्रिजमधलं गार पाणी दिलं. सुंदरक्का ते घोटभर प्यायली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मैत्रिणीचा चेहरा उतरला. "म्हंजे थकलेलं आता माझ्या नावावर लागणार."

"लागणार की. तुझंच हाय."

"आन् मी पॅन दिलं न्हाय तर?"

"तर माझा गाळा जातोय." सुंदरक्कानं आवाज चढवला नाही. "भांडायला आले न्हाय मी. तुझं आज ना उद्या उघडं पडायचंच. ऱ्हायलेले हप्ते भरून टाक. नंतर नियमानं भरत गेलं की नाव हळूहळू सुदारतंय, बँकेतल्या मॅडमनी सांगितलंय."

मैत्रीण उठली आणि तिनं रेशनकार्डाच्या पिशवीतून पॅन काढून आणलं.

"शिवलिंगप्पाला सांगू नको हं. त्याला वाटतंय मी सगळे हप्ते भरलेत."

"कुठल्या शिवलिंगप्पाला?"

दोघी एकमेकींकडे बघून एवढ्या हसल्या, की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. त्याच दुपारी दोघी अक्कलकोटला गेल्या. दुरुस्तीच्या कागदावर दोघींनी सही केली. शिवाय मैत्रिणीनं चोळीतल्या नोटा काढून एक हप्ताही भरला. "निदान सुरुवात तरी," ती पुटपुटली.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पूनम मॅडमनी नवा रिपोर्ट उघडला. त्यात फ्रिज कुठंच नव्हता. सुंदरक्काचं बचत गटातून घेतलेलं जुनं कर्ज तेवढं दिसत होतं, ठरल्या दिवशी फेडलेलं. मॅडमनी अर्ज पुढं पाठवला आणि दोन दिवसांनी मंजुरी आली.

बँकेच्या पायऱ्यांवर उभं राहूनच तिनं गाळामालकाला फोन लावला.

"मालक, मी सुंदरम्मा. गाळा कुणाला देऊ नका, कर्ज झालं माझं... झाडून ठिवताय? नको नको, मीच येऊन झाडते. चूल कुटं मांडायची ते मला बघायचंय."