भरावावरची घळ

अंजूरच्या मेघालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरामागच्या शेतात गोदामासाठी मुरुमाचा भराव पडला होता, कौलांच्याही वर जाणारा. गेल्या वर्षी इथे भात होता. आता बोडकी टेकडी. मेघाली भिवंडीच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. अशा कोवळ्या, उघड्या जमिनीवर पाणी वाट कशी कोरतं आणि त्या वाटेची घळ कशी होते, हाच तिचा अभ्यास.

अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये तिने त्याच मुरुमाचा उतार थापला. भराव मध्ये खोलगट होता, तसाच ट्रेमध्येही केला. वरून झारीने पाणी सोडलं. पुन्हा पुन्हा सोडलं. दर वेळी घळ मधोमध पडे. नेमकं तिथेच, पायथ्याशी, काशीआत्याचं घर. मेघालीने एवढा धोशा लावला की आत्या कंटाळून कामतघरला भावाकडे निघून गेली. भरावाच्या टोकाला शेजारच्या रघूकाकाचा गोठा होता; त्याला मात्र तिने निर्धास्त राहायला सांगितलं.

जुलैत पाऊस कोसळला तशी मेघाली भिजत धावली. आत्याचं घर कोरडं. घळ पडली होती पार टोकाला, आणि लाल चिखल रघूकाकाच्या गोठ्यात शिरला होता. काका कोयत्याने म्हशींची दावी कापत होता.

“हिकडं येनार न्हाय बोललीस ना तू?”

मेघाली चिखलात उतरली. एक दावं धरून ती ओढू लागली.

म्हशी वाचल्या. पाऊस थांबताच मेघाली भरावावर चढली. माथ्यावर डंपरच्या चाकोऱ्या होत्या, पाण्याने भरलेल्या, सगळ्या टोकाकडे वळलेल्या. आणि ट्रेमधला माथा तिने तळहाताने गुळगुळीत केला होता!

घरी येऊन तिने ट्रेमध्ये बोटांनी तशाच चाकोऱ्या ओढल्या आणि झारी धरली. पाणी टोकाला गेलं. रघूकाका शेजारी उभा राहून बघत होता.

“मंग आता?”

“चाकोऱ्या मोडू. आजच.”

“गोदामवाला बोंबलंल.”

“बोंबलू दे.”

दोघांनी फावडी चालवली, रेतीच्या गोणी रचल्या, पाणी जुन्या ओहोळाकडे वळवलं. पुढच्या पावसात घळ वाढली नाही. गोठा सुका राहिला.

काशीआत्या परतली ती तणतणतच. “आता नीट सांग, माझ्या घराला भ्या हाय का न्हाय?”

“आज तरी नाही, आत्या. पुढचं खात्रीने नाही सांगता येत.”

“मंग शिकलीस काय?”

आभाळ पुन्हा भरलं होतं. पायात चपला सरकवून मेघाली भरावाकडे निघाली, माथ्यावर नव्या चाकोऱ्या पडल्यात का बघायला.