उरलेली ब्लँकेटं

आठवीत मी नाशिकला मामांकडे शिकायला आले आणि पहिल्याच आठवड्यात एक खोटं बोलले. मधल्या सुट्टीत मुली आपापले पप्पा काय करतात ते सांगत होत्या. माझ्या आधीची म्हणाली, "ओझरला, विमानाच्या कारखान्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणाले, "माझेपण ओझरलाच."

खरं म्हणजे मी चौथीत असतानाच वडील गेले होते. आई घोटीच्या पुढे आमच्या गावी एकटी राहायची. पावसाळ्यात लोकांच्या खाचरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची, बाकीचे दिवस मिळेल ते काम. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून मामांचं नाव होतं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. एवढंसं खोटं, पण मी मुळातच भित्री. कुणी ओझरचं नाव काढलं की मी दप्तरात काहीतरी शोधायला लागायचे.

नववीत मी शाळेच्या सेवा मंडळात गेले. मराठीच्या मॅडम ते चालवायच्या. शनिवारची अर्धी शाळा सुटली की आम्ही दहा-बारा मुली कॉलन्यांमधून रद्दी गोळा करत हिंडायचो. दारात उभं राहून "काकू, रद्दी आहे का?" म्हणायचं. एक काकू दर वेळी सुनवायच्या, "मागच्या शनिवारीच नेली ना गं? आता काय पेपर मीच छापू?" आणि आत जाऊन गठ्ठा आणून द्यायच्या. डिसेंबरात शाळेच्या आनंदमेळ्यात मंडळानं भेळेचा स्टॉल लावला. कांदा चिरायचं काम माझ्याकडे. मला ते बरं वाटायचं. खाली मान घालून काम केलं की कुणी काही विचारत नाही.

जानेवारीत मॅडमनी बैठक घेतली. म्हणाल्या, "यंदा थंडी फार आहे. जमलेल्या पैशांतून ब्लँकेटं घेऊ. कुणाला एखादं गाव माहीत आहे का, जिथं खरंच गरज आहे?"

विचार करायच्या आधीच माझा हात वर गेला होता. आमच्या घरात धड अशी एकच गोधडी होती, आणि मी नाशिकला निघाले तेव्हा आईनं ती माझ्या पिशवीत कोंबली होती. दिवाळीत घरी गेले तेव्हा पाहिलं, ती दोन जुनी लुगडी एकावर एक घेऊन झोपायची. मी विचारलं तर म्हणाली, "मला लय उकडतं."

आमचं गाव ठरलं. तेवढ्यात आमच्या मंडळाची प्रमुख, म्हणजे दहावीतली एक मुलगी, म्हणाली, "मॅडम, नुसतं वाटप केलं की भीक घातल्यासारखं दिसतं. फोटोत लोक कसे मान खाली घालून उभे असतात."

मॅडमना ते पटलं. जरा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "संक्रांत नुकतीच झालीये. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. मग आपण तिथं हळदीकुंकू करू आणि ब्लँकेट वाण म्हणून देऊ. वाण घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच लक्षात आलं की आई येणार नाही. आमच्याकडे नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाला जात नाही. तिला कुणी बोलवत नाही आणि ती आपणहून त्या बाजूला फिरकत नाही. मॅडमचा यात वाईट हेतू काडीचा नव्हता. उलट कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनी हे योजलं होतं. हळदीकुंकवाला कोण कोण आलं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं असेल, कोण आलं नाही हे बघायची वेळ कधी आली नसेल.

"गावातल्या सगळ्या बायका येतील ना गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो मॅडम."

'विधवा बायकांचं काय करायचं' एवढंच विचारता आलं असतं. त्यासाठी माझ्या वडिलांचं काही सांगायची गरज नव्हती. हे आज कळतं. तेव्हा वाटलं, तो शब्द माझ्या तोंडून निघाला की सगळ्या वळून माझ्याकडेच बघतील.

रविवारी सकाळी आम्ही मिनीबसनं निघालो. मुली मला चिडवत होत्या. "तुझ्या गावात रेंज येते का गं?" मी म्हटलं, "येते, पण आंब्यावर चढावं लागतं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण गावात कोण काय बोलून जाईल याची धास्ती होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आमच्या मुलींनी एकेकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ब्लँकेट दिलं. बायका लाजत, हसत, नाव घेत होत्या. भीक घातल्यासारखं अजिबात दिसत नव्हतं. मॅडमचा चेहरा इतका खुलला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

आई पटांगणाच्या कडेला, हापशावर होती. तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी, सगळ्या तिच्यासारख्याच. घागरी भरून वाहत होत्या तरी कुणी उचलत नव्हतं. आईनं मला पाहिलं आणि तिथूनच हातानं खूण केली, राहू दे, तुझं काम कर.

शेवटी पंधरा-वीस ब्लँकेटं उरली. मॅडमनी विचारलं, "अजून कुणी राहिलंय का?"

पुढं बसलेली एक काकी म्हणाली, "नाय बाई, सगळ्या सवाष्णी झाल्या."

"मग ही पुढच्या कार्यक्रमाला वापरू," मॅडम म्हणाल्या आणि मुली गठ्ठा बांधायला लागल्या.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी दोरी धरून उभी होते. प्रमुख माझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "अगं, तुझी आई कुठंय? बोलव ना, आम्हाला भेटायचंय."

हापसा तिथून वीस पावलांवर होता.

मी म्हणाले, "आई नाहीये. ओझरला गेलीये, पप्पांकडे."

आईनं घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि मागं न बघता घराकडे चालायला लागली. बाकीच्या दोघी-तिघी माझ्याकडे बघत राहिल्या.

परतताना घोटी मागं पडेपर्यंत मी मागच्या सीटवर बसून होते. मग उठून मॅडमच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. वडिलांचं, ओझरचं, हापशावर कोण होतं ते. बसच्या आवाजात अर्धं त्यांना ऐकूच आलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

"आधी का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "नको सांगूस. विचारायला मी हवं होतं."

"मॅडम, मुलींना..."

"नाही सांगणार."

त्यांनी खरंच कधी कुणाला सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघीच एसटीनं गेलो. उरलेली ब्लँकेटं दोन गठ्ठ्यांत बांधून नेली होती. हळदीकुंकवाची ताटली नव्हती, फोटो काढायला कुणी नव्हतं. त्या त्या बायकांच्या घरी जाऊन मॅडम म्हणायच्या, "ताई, परवा तुमचं राहून गेलं." एक म्हातारी म्हणाली, "माझं कसलं राहतंय बाई," पण ब्लँकेट घेतलं आणि गालाला लावून पाहिलं.

आमचं घर शेवटी आलं. आई अंगण सारवत होती. मॅडमना बघून गडबडली, हात धुतले, पदर सारखा केला. ब्लँकेट दोन्ही हातांनी घेतलं. मग माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

"बसा मॅडम, च्या टाकते," ती म्हणाली. "हिचे पप्पा असते तर भेट झाली आसती. ते वझरला ऱ्हातात ना. रजाच नाय भेटत त्यांना."

आम्ही वडिलांना आबा म्हणायचो. पप्पा हा शब्द आईच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आठवडाभर तिनं तो मनात घोकून ठेवला असणार. तिच्या कपाळावर काही नव्हतं, गळा मोकळा होता, मागच्या भिंतीवर हार घातलेला आबांचा फोटो होता, आणि ती माझ्या मॅडमना सांगत होती की त्यांना रजा मिळत नाही.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे खाली घेतले नाहीत.

"हो का," त्या म्हणाल्या. "कारखान्याच्या ड्युट्या तशाच असतात. पुढच्या खेपेला भेटू त्यांना."

चहा घेतला. आई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पण जरा भित्री हाय. सांभाळून घ्या." मॅडम म्हणाल्या, "घेईन."

त्यांनी घेतलंही, पण शाळाच फार दिवस उरली नव्हती. त्याच उन्हाळ्यात मामांची कंपनी बंद पडली आणि ते सगळ्यांना घेऊन गावी परतले. माझं नववीनंतर थांबलं. मॅडम दोनदा आमच्या घरी येऊन गेल्या, वसतिगृहात सोय करते म्हणाल्या. आईची कंबर तेव्हा धरली होती. मी नाही म्हणाले आणि तिच्याबरोबर आवणीला जायला लागले.

आता मी बेंगळुरूला एका आजींची देखभाल करते. त्यांना कुशीवर वळवणं, औषधं, अंघोळ. इथं माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही, म्हणून हे लिहितेय. मॅडमचा संक्रांतीला मेसेज येतो. मी उत्तर तीन-तीनदा वाचून मगच पाठवते, चूक राहायला नको.

आईला मात्र अजून वाटतं की त्या दिवशी तिनं माझी लाज राखली. मॅडमना सगळं आधीच ठाऊक होतं, ते मीच सांगितलं होतं, हे तिला माहीत नाही. सांगितलं तर तिला कळेल की आपण बोललो ते खोटं समोरची बाई ओळखून होती आणि तरी मुकाट्यानं चहा पीत होती. नाही सांगितलं तर ती असंच समजत राहणार की तिची मुलगी अजूनही तिला लपवते. फोनवर दर वेळी मी ठरवते, आज सांगायचं. आई विचारते, जेवलीस का. मी म्हणते, हो, तू जेवलीस का. मग आजींनी हाक मारली असं सांगून मी फोन ठेवते.