मैनाबाईची बोटभर जागा

मैनाबाईच्या खानावळीत फरशीखाली चांदीच्या रुपयांचा हंडा पुरलाय, म्हणून ती दर उन्हाळ्यात जमीन उखडते, असं सीताबर्डीत जो तो सांगे. खानावळ पहिल्या मजल्यावर. तिथं हंडा पुरला असता तर तो खाली बाबूलाल हलवायाच्या टकलावर लोंबकळला असता, एवढा विचार कोणी करत नसे.

खरं असं, की फरशी आपणच उठत होती. चौऱ्याहत्तर साली मैनाबाईनं जुन्या कोब्यावर हौसेनं फरशी बसवली आणि पहिल्याच वैशाखात मधली रांग तंबूसारखी वर आली. पंगतीत ताटं कलंडली. एकाचं वरण दुसऱ्याच्या भातात. "बाई, तुमच्या इथं शेजाऱ्याचं जेवा लागते," म्हणत खापरखेड्याचे दोन फिटर समोरच्या खानावळीत गेले ते गेलेच. नवऱ्यामागं मैनाबाईचं घर या पंगतीवरच चालत होतं.

टरबूज, माठ आणि होणारा जावई, सगळं ठोकून बघणारी बाई ती. रोज पंगतीच्या वेळी लाटणं घेऊन फरशी ठोकत फिरे. पक्की फरशी 'टक' म्हणे, सुटलेली 'डब'.

पहिला संशय गिरिधर मिस्त्रीवर. "काहून गा, सिमेंट घरी नेलं का?"

"नाही वं माय. खाली भट्टी हाय. फरशी तापली का फुगते. म्हणून भिंतीजवळ बोटभर जागा सोडतो मी."

"म्हणजे चारही भिंतींजवळची फरशी तू वाचवतो!" गिरिधरची पाठ वळली, की ती स्वतः सिमेंट कालवून ती फट गच्च बुजवी. दर साली.

दुसरा संशय बाबूलालवर. घरमालक तोच. खोली खाली करून घ्यायला हा खालून सळईनं ढोसतो! भाचीच्या लग्नाला तो गावी गेला, दुकान बंद झालं, आणि भर मे महिन्यात नवी फरशी गपगार राहिली. मैनाबाईची खात्रीच पटली. तो परतला, भट्टी पेटली आणि दुपारी वर आवाज झाला, फट्! लाटणं उगारून ती जिना उतरली. बाबूलालचे दोन्ही हात जिलबीत.

"कहाँ हाय सळई?"

"कौन सी सळई, बाई? मेरे तो हाथ ही चिपक गए!"

ती वर आली. भिंतीजवळ तिनंच भरलेल्या सिमेंटचा चुरा झाला होता आणि त्याला खेटून फरशी उभी. ती खाली बसली, चुरा चिमटीत घेतला.

"म्हणजे ते मीच होय काय वं?" तिनं स्वतःलाच दरडावून विचारलं.

दुसऱ्या दिवशी गिरिधर आला. "या खेपेस जागा सोड," ती म्हणाली, "पण माह्या डोळ्यासमोर सोड."

त्यानं सोडली. ती राखण करत बसली, आणि फट बुजवली नाही.

पुढच्या वैशाखात ते दोन फिटर चार दिवस जेवायला आले, परत यायचं का ते बघायला. तेव्हा त्याच पंगतीत जेवणाऱ्या, हे लिहिणाऱ्यानं तिच्याशी पैज मारली, की एक दिवस तुमचा कान फसेल. हरलो तर आठवडाभर पंगतीची भांडी घासीन. तिसऱ्या दिवशी ती ठोकत आली, लाटणं टेकलं आणि अगदी हुबेहूब आवाज आला, 'डब'. फिटरांचे घास हातातच राहिले.

मैनाबाईनं फरशीकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्याकडे वळली.

"फरशी बोलाच्या आधी थुंका नाही गिळत, बाप्पा. ऊठ. राख तिकडं हाय."